अण्णांचं निरोगी गाव

आपल्या गावात माणसं म्हातारी होऊन मरतात, आजारी पडून नाही, हे अण्णांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी शहरात जाऊन जाऊन सांगितलं होतं. सांगायला त्यांना संधीही भरपूर मिळाली. उभी नोकरी त्यांनी एकाच रस्त्यावर बस चालवली. आज गावातून माणसं भरून न्यायची, शहरात उतरवायची, डेपोच्या वरच्या खोलीत पथारी टाकायची आणि उद्या शहरातली माणसं घेऊन गावाकडे फिरायचं. एक रात्र डेपोत, एक रात्र घरी. बायको चेष्टेनं म्हणायची, माझ्या वाट्याला नवरा निम्माच आला, उरलेला डेपोनं ठेवून घेतला.

डेपोच्या फाटकासमोर एक सलून होतं. सलूनवाला अण्णांच्याच वयाचा, अंगानं गुबगुबीत आणि जिभेनं वस्तऱ्याहून धारदार. अण्णा एक दिवसाआड त्याच्या खुर्चीत दाढीला बसत आणि तोंडाला साबण लागला की दोघांचा वाद सुरू होई. विषय ठरलेला, गाव चांगलं की शहर. पाणी, हवा, भाजी, शेजार अशी स्टेशनं घेत घेत गाडी शेवटी प्रकृतीवर येऊन थांबे. अण्णा म्हणत, तुमच्या या गल्लीत घरं कमी आणि औषधांची दुकानं जास्त. ज्याला बघावं त्याला साखर, ज्याला बघावं त्याचं काळीज नाजूक. आमच्याकडे या, ऐंशीचा म्हातारा लाकडं फोडताना दाखवतो. सलूनवाला त्यांच्या गळ्याशी वस्तरा धरून शांतपणे विचारी, मग तुमच्या बसमधून दर आठवड्याला कोणी ना कोणी आडवं होऊन इथल्या दवाखान्यात कसं येतं? तेवढ्यापुरतं अण्णांना बोलता येत नसे, कारण वस्तरा गळ्याशी असे. साबण पुसून झाला की ते म्हणत, ते म्हातारपण झालं, त्याला आजार म्हणत नाहीत.

निवृत्त झाल्यावर अण्णा कायमचे गावात राहायला आले. ताठ मान, खणखणीत आवाज, नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. नोकरीत एकदाही अपघात नाही, एकदाही आजारपणाची रजा नाही, हे ते नव्या माणसाला पहिल्या दहा वाक्यांत सांगून टाकत. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. गावातल्या निम्म्या लग्नांचं वऱ्हाड त्यांच्याच गाडीतून गेलेलं, आणि अडल्या बाळंतिणीसाठी त्यांनी बस मधल्या रस्त्यात कुठेही थांबवलेली. त्यामुळे अण्णांनी सांगितलं म्हणजे करायचं, असा गावाचा रिवाज पडला होता.

त्यांचा मुलगा शहरात एका कारखान्यात लागला होता आणि सून मोठ्या दवाखान्यात नर्स होती. लग्न ठरताना नात्यातल्या काहींनी कुरकुर केली होती, की नर्सच्या वेळा काही धड नसतात, सून रात्रपाळीला जाणार आणि मुलगा हातानं करून खाणार. अण्णांनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं. म्हणाले, माझ्याही वेळा धड नव्हत्या, आमचा संसार काय वाहून गेला? सून सडपातळ, कमी बोलणारी, पण एकदा एखादी गोष्ट मनात घेतली की ती तडीला नेणारी. अण्णा तिचं तोंडावर कौतुक करत नसत. मागे मात्र एवढं करत, की ऐकणारे विषय बदलायचा प्रयत्न करत.

तर त्या वर्षी तिच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक काम काढलं. काही खेडी आणि शहरातल्या काही गल्ल्या घ्यायच्या, दोन्हीकडे त्याच महिन्यांत, त्याच यंत्रांनी, तेच प्रश्न विचारून माणसं तपासायची. रक्तदाब कुठे किती, साखर कुठे किती, दमा आणि काळजाचं दुखणं कुठे जास्त, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं. जो तो आपापल्या अंदाजानं बोलत होता. नीट तोलून कोणी पाहिलं नव्हतं. गावं आणि गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या. त्यात अण्णांचं गाव निघालं आणि डेपोमागची, सलूनवाल्याची गल्लीही निघाली. गाव लहान होतं, म्हणून तिशीपुढचं प्रत्येक माणूस तपासायचं ठरलं. आणि त्या गावाच्या कामावर सुनेची नेमणूक झाली.

ही बातमी आली तेव्हा अण्णांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तपासणी म्हणजे त्यांच्या लेखी शर्यत होती. निकाल ठरलेला होता, फक्त शिक्का बसायचा होता. ते मुद्दाम बस पकडून शहरात गेले, गरज नसताना दाढीला बसले आणि सलूनवाल्याला म्हणाले, आता तुझं-माझं काही नको, यंत्रच काय ते सांगेल. सलूनवाला म्हणाला, यंत्र सांगेल ते मान्य. परतीच्या वाटेवर खिडकीशी बसून अण्णा आपलं गाव एकेक घर घेत डोळ्यांसमोर आणू लागले, आणि तिथे पहिल्यांदा त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

खालच्या आळीतला म्हातारा सुतार पायरी चढला की धापा टाकायचा. पिठाच्या गिरणीवाल्याच्या आईच्या पायावरची जखम दोन वर्षं भरत नव्हती. शाळेच्या शिपायाला मधेच डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि खुद्द अण्णांच्या घरात, गाव जिला वहिनी म्हणे ती त्यांची बायको. तिचा खोकला. चुलीच्या धुराचा खोकला तो, त्यात काय, असं घरातले सगळे म्हणत आले होते, वहिनीही म्हणे. पण यंत्राला काय कळणार, धुराचा खोकला कुठला आणि आजाराचा कुठला.

अण्णांनी वाईट हेतूनं काही केलं नाही. पाहुणे यायचे म्हटल्यावर माणूस दिवाणखान्यातली मोडकी खुर्ची आत नेऊन ठेवतो, तेवढ्याच सहजपणे ते चार-सहा घरी जाऊन आले. तपासणीचे दिवस जरा सोयऱ्याधायऱ्यांकडे काढा, म्हणाले. शेतावर राहा, बाजाराला जा. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांनी माना डोलावल्या. कोणालाही आपल्या घरातलं दुखणं चव्हाट्यावर आणायची हौस नव्हतीच. बायकोला त्यांनी सांगितलं, की तुझ्या भावाकडे छपराचं काम निघालंय, त्याच्या बायकोला चार दिवस हाताखाली कोणी हवं. तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सून येतेय नेमकं तेव्हा मला घालवता होय, एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पिशवी भरली.

सून दोन सोबत्यांना घेऊन आली. शाळेच्या एका खोलीत त्यांनी टेबल मांडलं, त्यावर दंडाला बांधायचा पट्टा, साखर बघायचं छोटं यंत्र आणि जोरानं फुंकर मारायची एक नळी. आल्या आल्या तिनं विचारलं, आई कुठे आहेत? भावाकडे, अण्णा म्हणाले आणि छपराची गोष्ट सविस्तर सांगितली. सविस्तर सांगितली तिथेच चुकलं, कारण अण्णा एरवी घरच्या गोष्टी दोन शब्दांत उरकत.

पहिले काही दिवस अण्णांना स्वर्ग दोन बोटं उरला. ते शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि आत जाणाऱ्याच्या पाठीवर थाप मारत. दणकट शेतकरी, काटक बायका, तालमीतली पोरं शोभतील असे पन्नाशीचे गडी एकामागून एक नळी फुंकून हसत बाहेर येत. सून मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली. घराघरांत जाऊन तिला एकच पालुपद ऐकू येत होतं. सासूबाई बाहेरगावी गेल्यात. मामा बाजाराला गेलेत. जाणारी माणसं नेमकी म्हातारी, आणि बाजाराला गेलेली नेमकी चार पावलं न चालता येणारी, हे तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

सुताराच्या घरी ते उघडं पडलं. सुतारीणबाई दारात उभं राहून सांगत होत्या, की हे लेकीकडे गेलेत, आणि मागच्या गोठ्यातून खोकल्याची उबळ ऐकू येत होती. म्हैस आहे, सुतारीणबाई म्हणाल्या. तेवढ्यात म्हैस स्वतःच भिंतीला धरून बाहेर आली. म्हातारा घामाघूम झाला होता. बाजेवर टेकून श्वास जुळवत तो सुनेला म्हणाला, "पोरी, रागावू नको. अण्णा म्हणाले गावाची लाज राखा. मी तुझ्या सासऱ्याचा शब्द कधी मोडला नाही."

सुनेनं तिथे कोणाला बोल लावला नाही. सुताराला तपासलं, त्याला शहरात लगेच न्यायला हवं म्हणून गाडीची सोय केली आणि दुपारच्याला घरी आली. अण्णा जेवायचे थांबले होते. तिनं चूल पेटवली. त्या स्वयंपाकघराला खिडकी म्हणून वीतभर झरोका होता. धूर आढ्यापर्यंत चढला आणि तिथून खाली उतरून माणसाच्या तोंडाशी आला. सून डोळे पुसत, खोकत बाहेर आली आणि सासऱ्यांसमोर खाली बसली.

"बाबा, एक विचारू? इंजिन तापलं की तुमच्या समोरचा काटा लाल रेघेवर जायचा ना?"

"जायचा."

"तेव्हा तुम्ही कधी काट्यावर फडकं टाकून गाडी पुढे नेलीत?"

अण्णांना काय ते कळलं. तरी ते म्हणाले, "तसं केलं असतं तर नोकरी गेली असती."

"माझी जाणार नाही. मला कोणी विचारणारही नाही. पण हे काम झालं की ठरणार आहे, कुठे डॉक्टर पाठवायचे, कुठे औषधं पाठवायची. तुमच्या गावात आजार नाही असं मीच माझ्या हातानं लिहून दिलं, तर इथे कोण कशाला काय पाठवेल? सुतारबाबांना दमा नाही बाबा, त्यांचं काळीज थकलंय. अजून महिनाभर तुम्ही त्यांना गोठ्यात ठेवलं असतं तर ते गेले असते."

एवढं बोलून ती जेवण वाढायला उठली. आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. अण्णांना कोणी एवढं बोलल्याची घरच्यांना आठवण नव्हती, आणि बोलणारी ही काल-परवा घरात आलेली पोर. ते रागावले असते तर ते त्यांच्या स्वभावाला धरून झालं असतं. पण जेवताना त्यांच्या मनात राहून राहून येत होतं, की ही खरं बोलली, सासऱ्याला बोलली, आणि कामाशी बेइमानी होऊ नये म्हणून बोलली. त्यांच्या ताटाखालची जमीन सरकली होती, पण छाती मात्र, त्यांना स्वतःलाच नवल वाटेल अशी, अभिमानानं भरून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं अण्णा बायकोला आणायला निघाले. भावाच्या घरचं छप्पर अर्थातच शाबूत होतं. दुपारी दोघं परतली आणि स्टँडवर उतरली. गाव टेकाडावर होतं, स्टँड पायथ्याशी, आणि घर वरच्या आळीत. त्या चढानं अण्णा आणि त्यांची बायको इतक्या वर्षांत कधी एकत्र चढली नव्हती. ते गाडी लावून, हिशेब देऊन मागाहून झपाझप येत, आणि बाहेरगावी जायचं झालं तर बस वर आणून तिला दारातूनच उचलत. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून कुठे जायचा प्रसंग आला नव्हता.

आता पिशवी घेऊन ते तिच्या मागे चालू लागले. पहिल्या वळणावर ती थांबली आणि शिंपिणीला विचारलं, मुलगी बरी आहे ना. पुढे थोड्या अंतरावर पुन्हा थांबली, गिरणीवाल्याच्या ओट्यापाशी. पुढे शाळेच्या भिंतीशी. प्रत्येक वेळी एक हात भिंतीवर, आणि कोणाची ना कोणाची चौकशी. गावात वहिनींची ख्याती होती, की दारावरून जाताना बाई कोणाला विचारल्याशिवाय पुढे जात नाही, माणसांची फार माया. अण्णांनाही त्या ख्यातीचं कौतुक होतं. आज ते मागून बघत होते. प्रश्न विचारून झाला की ती उत्तर ऐकत नव्हती. समोरचं माणूस बोलत असे आणि तिचे खांदे वरखाली होत असत.

शाळेच्या भिंतीशी त्यांनी विचारलं, हे कधीपासून?

"मुलगा पोटात होता तेव्हापासून असेल," ती म्हणाली. "सवय झाली आता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एक दिवसाआड घरी येणार. आलेल्या माणसाला काय रडगाणं ऐकवायचं." मग श्वास घेऊन म्हणाली, "आणि तुम्ही शहरात सांगत असता ना, आमच्याकडे कोणी आजारी नसतं. म्हटलं, आपल्यामुळे तुम्ही कशाला खोटे पडा."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. एका हातानं त्यांनी बायकोचा दंड धरला आणि तिला तसंच शाळेच्या फाटकातून आत नेलं. व्हरांड्यात दहा-पंधरा माणसं होती. सुनेनं सासूला खुर्चीत बसवून नळी हातात दिली. वहिनींनी सगळा जीव एकवटून फुंकर मारली आणि आतला काटा जेमतेम हलून खाली बसला. पुन्हा एकदा, सून म्हणाली. पुन्हा तेच. मग अण्णांनी स्वतःची बाही वर केली. आजारपणाची एकही रजा न घेतलेल्या त्या माणसाचा रक्तदाब एवढा निघाला, की सुनेनं पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला आणि परत पाहिला. तो तेवढाच होता.

अण्णा बाहेर आले आणि ज्या आवाजात ते एकेकाळी ‘सुटली गाडी’ म्हणून स्टँड हलवत, त्याच आवाजात व्हरांड्यातल्यांना म्हणाले, "ऐका. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ज्याला ज्याला मी बाहेर पाठवलं, त्याला मीच परत आणणार. माझी बायको आजारी आहे आणि मीही आजारी आहे. आम्ही पाहून घेतलं, आता तुम्ही घ्या."

गिरणीवाला उठला आणि आईला आणायला घरी गेला.

त्यानंतरचे दिवस गावाला चांगलेच लक्षात राहिले. अण्णा सकाळी चहा झाला की बाहेर पडत. शेतावर दडलेल्यांना शेतावर गाठत, सोयऱ्यांकडे गेलेल्यांना निरोप धाडत. एक म्हातारी म्हणाली, मला काही झालेलं नाही, आणि झालं असेल तर मला कळायला नको. अण्णा तिच्या ओट्यावर बसूनच राहिले. तिनं भाजी निवडायला घेतली, हेही निवडू लागले. शेवटी कंटाळून ती म्हणाली, चला बाबा, तुमच्यापेक्षा सुई परवडली. जे चालू शकत नव्हते त्यांच्यासाठी अण्णांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या घातल्या आणि ट्रॅक्टर स्वतः चालवला, इतका सावकाश, की मागे बसलेले विचारत, अण्णा, ही गाडी आजच पोचणार ना? सुतार शहरातून औषधं घेऊन परतला तेव्हा यादीत त्याच्या नावापुढेही खूण झालेली होती, आणि गावात तिशीपुढचं एकही माणूस राहिलं नव्हतं.

एवढ्यात सुनेला शहराकडून निरोप आला. तिकडची गाडी रुतली होती. डेपोमागच्या गल्लीत दारंच उघडत नव्हती. दिवसा घरात कोणी नाही, संध्याकाळी वेळ नाही, आणि ज्यांना वेळ होता ते म्हणत, आमचे डॉक्टर आहेत, तुम्ही कोण? निम्मी गल्ली तपासायची राहिली होती. सुनेनं जेवताना हे सहज सांगितलं आणि अण्णा पुढच्या बसनं शहरात हजर झाले.

सलूनवाल्यानं त्यांना पाहून खुर्ची झटकली. अण्णांनी बसल्या बसल्या, साबण लागायच्या आधीच, सगळं सांगून टाकलं. बायकोचा श्वास, आपला रक्तदाब, गिरणीवाल्याच्या आईची साखर, सगळं. तू जिंकलास, म्हणाले. सलूनवाल्यानं ब्रश बाजूला ठेवला. जिंकलो कसला, म्हणाला, आमची माणसं तर दारं लावून बसली आहेत, तुमची निदान उन्हात येऊन उभी राहिली. मग त्यानं हळूच खण उघडून आपल्या गोळ्या दाखवल्या. साखरेच्या. किती वर्षं घेतोयस, अण्णांनी विचारलं. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून अण्णा चाट पडले. इतकी वर्षं वाद घातला, आणि ही गोष्ट त्यानं कधी तोंडातून काढली नव्हती.

मग दोघा म्हाताऱ्यांनी मिळून डोकं चालवलं. गल्ली दार उघडत नसेल, पण केस वाढल्यावर सलूनमध्ये येतेच. सुट्टीच्या दिवशी सलूनच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत सुनेच्या सोबतिणीनं यंत्र मांडलं. पहिले बसले अण्णा, दुसरा सलूनवाला. सलूनवाला आपला आकडा गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवी आणि वर म्हणे, दाढी आधी की दंड आधी, ज्याची त्यानं निवड करावी, पण एक केल्याशिवाय दुसरं होणार नाही. बायकांसाठी त्याच्या बायकोनं घरची पुढची खोली मोकळी केली. सगळी गल्ली काही आली नाही, पण काम उरकण्याइतकी आली.

हे सगळं जुळवून निकाल हाती यायला बरेच महिने गेले. डॉक्टरीणबाई स्वतः गावात आल्या आणि शाळेच्या पटांगणात बोलल्या. बोलल्या सरळ, समजेल असं. साखरेचा आजार शहरात बराच जास्त निघाला, पण गावही त्यातून सुटलं नव्हतं. रक्तदाब दोन्हीकडे जवळपास सारखा. श्वासाची दुखणी गावात कितीतरी जास्त, आणि त्यातही चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांत. गुडघे आणि कंबर, यात गावानं शहराला मागे टाकलं होतं. इथे थोडं हसू झालं. पण सगळ्यांत मोठा फरक वेगळाच होता. शहरातल्या बहुतेक आजारी माणसांना आपल्याला काय झालंय हे आधीपासून ठाऊक होतं. गावात ते जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही निरोगी नव्हता, त्या म्हणाल्या, तुम्हाला कोणी तपासलं नव्हतं.

पुढे त्या म्हणाल्या, की इतकी गावं आणि इतक्या गल्ल्या झाल्या, पण जिथला प्रत्येक माणूस तपासून झाला असं ठिकाण एकच निघालं. ते हे. आणि हे कोणामुळे झालं, हे मी सांगायची गरज नाही.

सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णा बघत होते सुनेकडे. ती मागे, यंत्रांच्या पेटीपाशी उभी राहून मान खाली घालून पट्टे गुंडाळत होती. त्यांनी तिला हाक मारली नाही, पुढे बोलावलं नाही. नुसतं शेजारी बसलेल्या सुताराला कोपरानं ढोसून म्हणाले, "ती बघ. आमची आहे."

गावाला आठवड्यातून एक दिवस डॉक्टर यायला लागले आणि औषधं बसनं येऊ लागली. बसवरचा नवा ड्रायव्हर औषधांची पेटी आपल्या सीटशेजारी ठेवून आणतो आणि अण्णांच्या हातात देतो. गवंड्यानं घरोघरी धुराडी बांधून दिली. पहिलं धुराडं अण्णांच्या घरी झालं, आणि भिंत फोडली तेव्हा उजेडात दिसलेली आढ्याची काजळी बघून वहिनी म्हणाल्या, एवढी तर माझ्या डोळ्यांत पण मावली नसती. त्यांचा श्वास पूर्ववत झाला नाही, तो होणार नव्हताच. पण श्वासातून औषध ओढायला लागल्यापासून त्या रात्री आडव्या होऊन झोपू लागल्या. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपणं ही त्यांची आवड आहे, असं अण्णा आजवर समजत होते. सकाळची चूल आता अण्णा पेटवतात. चहा बरा करतात. बाकीच्या स्वयंपाकाविषयी वहिनी एवढंच म्हणतात, की ह्यांच्या रक्तदाबाला मीठ कमी सांगितलंय ते बरंच झालं, नाहीतर खारट झालं असतं.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात तपासणी करायचं ठरलं. तिथली माणसं तयार होईनात, म्हणून सुनेनं अण्णांना जीपमधून बरोबर नेलं. वाटेत त्यांनी ड्रायव्हरला दोनदा गिअर बदलायला सांगितला. तिथल्या जाणत्या म्हाताऱ्यानं त्यांना ओट्यावर बसवून घेतलं आणि जरा खवचटपणेच विचारलं, ऐकतो ते खरं का, तुमच्या गावात म्हणे घरोघरी आजार निघाले?

"खरं आहे," अण्णा म्हणाले. "घरोघरी निघाले, आणि घरोघरी औषध चालू आहे. माझ्या घरात दोन निघाले. एक माझा, एक बायकोचा. आणि शोधून काढणारीही माझ्याच घरातली. ही माझी सून."

म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं, मग अण्णांकडे. आत वळून त्यानं बायकोला हाक मारली आणि म्हणाला, दोन खुर्च्या बाहेर टाका, आधी आपण दोघं तपासून घेऊ, आणि माझा दुसरा सदरा आणा, हा फाटकाय.